तारेपासून सहीपर्यंत

खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. लोणावळ्याच्या तलावांतले पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली आणून टाटांनी वीज तयार केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना दिली. पाठोपाठ १९२२ साली कर्जतजवळ भिवपुरी आणि १९२७ साली भिरा. ही तिन्ही केंद्रे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातली. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला. वीज घाटाखाली जन्मली आणि उजेड मुंबईत पडला.

याच जिल्ह्यातल्या पनवेलला मुस्लिम समाजाच्या संस्थेत विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळण्याची सोय झाली ती २०११ नंतर. खोपोलीपासून मोजले तर शंभर वर्षांना चारच कमी. इतका उशीर का झाला आणि त्यात आपण काय गमावले, याचा हिशेब मला मांडायचा आहे.

उशीर कोणाला आणि किती?

मुळात हा विषय जगातच फार जुना नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम १८८२ साली सुरू झाला. त्याच वर्षी जर्मनीतल्या डार्मश्टाटला या विषयाचे अध्यासन निघाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९११ पासून विद्युत तंत्रज्ञान शिकवले जाऊ लागले. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आपली व्हीजेटीआय, उभी राहिली. तिचा एल.ई.ई. डिप्लोमा पुढे कित्येक वर्षे कारखान्यांत आणि वीज कंपन्यांत नोकरीचे दार उघडत होता.

१८८७ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे असे आहे. त्या वर्षी मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी होते. त्याआधी तेरा वर्षे, १८७४ साली, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली होती. पण अंजुमनपुढचा तेव्हाचा प्रश्न मुलांना आधुनिक शाळेत आणायचे कसे, हा होता. शाळाच नसेल तर गणित नाही, आणि गणिताशिवाय डायनॅमो कळत नाही. त्यामुळे तेव्हाच्या नेत्यांना दोष देऊन भागत नाही. पायरी चुकवून वर जाता येत नाही, एवढेच.

तंत्रशिक्षणाची पायरी यायला १९३० चे दशक उजाडले. अलीगढला १९३५ साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि १९३६ साली मुंबईत भायखळ्याला मुहम्मद हाजी साबू सिद्दीक यांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था. एका व्यापाऱ्याचा पैसा हुनर शिकवण्याकडे वळला, ही आपल्या समाजाच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. जुम्म्याच्या बयानात अल्-जझरीच्या यंत्रांचे, १२०६ सालच्या त्याच्या किताबाचे कौतुक अनेकदा ऐकायला मिळते. ऐकून बरे वाटते. पण भायखळ्याच्या वर्कशॉपमधून बाहेर पडलेल्या पोरांचा इतिहास कोणी सांगत नाही, आणि घरे चालली ती त्यांच्या हातांवर.

हात आपला, सही दुसऱ्याची

कोकणातल्या कुठल्याही मुस्लिम मोहल्ल्यात विचारा. मोटार वाइंडिंग करणारा, घरांचे वायरिंग करणारा, दुबई-कुवेतला इलेक्ट्रिशियन म्हणून गेलेला माणूस जवळपास प्रत्येक कुटुंबात सापडेल. माझे मामू त्यांतलेच. जळलेल्या मोटारीचे कॉइल मोजून, तारेचा गेज बोटांनी ओळखून ते नवे वाइंडिंग भरत. पण एखाद्या इमारतीचे काम मिळाले की कागदावर नाव दुसऱ्याचे.

हा केवळ मालकाच्या मर्जीचा मामला नव्हता. भारतीय विद्युत नियम १९५६ मधला ४५ वा नियम सांगत होता की विजेच्या जोडणीचे काम परवानाधारक कंत्राटदारानेच करावे, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली करावे आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडे परमिट असावे. नियम सुरक्षिततेसाठी आहे आणि तो योग्यच आहे. वीज चुकीला माफ करत नाही. पण त्याचा अर्थ असाही होतो की नुसत्या हुनराला कायद्यात एका मर्यादेपर्यंतच जागा आहे. त्यापुढे प्रमाणपत्र लागते, आणि आराखड्याच्या, मोठ्या उपकेंद्राच्या कामाला पदवी. आखातातही तेच. एकाच साइटवर इलेक्ट्रिशियन आणि इंजिनिअर यांचा पगार, राहण्याची खोली, कुटुंब सोबत नेण्याची मुभा, सगळे वेगळे.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातले आकडे याच फरकाकडे बोट दाखवतात. वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवी किंवा पदविका असलेले चार टक्क्यांहून कमी, आणि नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम. हा आकडा राजकीय भाषणांत खूप वापरला गेला. माझ्यासाठी त्याचा साधा अर्थ असा : तारेला हात आपला, कागदावर सही दुसऱ्याची.

भायखळ्याहून पनवेलला

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. शिक्षणाचा बाजार मांडला अशी त्या निर्णयावर टीका झाली आणि ती खोटी नाही. पण त्याच वाटेने १९८४ साली साबू सिद्दीकमध्ये पदवीचे महाविद्यालय सुरू झाले, हेही खरे.

तोवर मुंबईत माणसांना राहायला जागा उरली नव्हती. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने खाडीपलीकडे नवी मुंबई वसवायला घेतली, आणि पनवेलच्या जुन्या बंदराशेजारी नवीन पनवेल उभे राहिले. २०११ साली अंजुमनने तिथे खांदा गावाजवळ काळसेकर टेक्निकल कॅम्पस सुरू केला. अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि वास्तुकला एकाच फाटकाच्या आत. अभियांत्रिकीच्या शाखांमध्ये विद्युतही आली. स्थापनेपासून १३७ वर्षांनी अंजुमन कोकणच्या उंबरठ्यावर पदवी घेऊन आली होती. अल्पसंख्याक दर्जामुळे ५१ टक्के जागा समाजाच्या मुलामुलींना आणि उरलेल्या इतरांना. म्हणजे एकाच बाकावर तळोजाची सकीना आणि कर्जतचा संतोष बसू शकतात. मला ही मांडणी फार आवडते.

याहून मोलाची आहे ती शिडी. दहावीनंतर आयटीआय केलेला मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो आणि डिप्लोमावाला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. वायरमनचा पोरगा आयटीआयपासून सुरुवात करून इंजिनिअर होऊ शकतो, तोही घरातून डबा घेऊन, एसटी किंवा लोकल पकडून. मुलींच्या बाबतीत घराजवळचे कॉलेज हा फरक निर्णायकच ठरतो.

खारघरचा धडा

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई अंधारात गेली, लोकल जागेवर थांबल्या. कळवा-पडघा मार्गावरच्या वाहिन्या आधीच बंद पडल्या होत्या. त्यांचा भार उरलेल्या मार्गावर आला आणि पुणे-खारघर वाहिनीही तुटली. संकटात मुंबईला राज्याच्या जाळ्यापासून अलग करून स्वतःच्या विजेवर तगवण्याची योजना होती, तीही त्या दिवशी टिकली नाही. खारघर आता पनवेल महापालिकेच्या हद्दीत आहे.

एक वाहिनी पडली की तिचा भार कुठे जाईल, रिले किती सेकंदांत तोडेल, किती भार सोडून दिला तर बाकीचे वाचेल, हे गणित विद्युत अभियांत्रिकीच्या चार वर्षांत शिकवतात. मामूंच्या बोटांना गेज कळत होता, हे गणित कोणी त्यांना शिकवलेच नाही. खारघरमधला नियंत्रण कक्ष चालवणारी पोरे याच परिसरातून निघायला काय हरकत आहे?

हे लिहायचे कारण म्हणजे आज प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक घरात एकच शब्द ऐकू येतो, कॉम्प्युटर. विद्युत शाखा म्हणजे जिथे नंबर लागला नाही त्यांची जागा, असा समज पक्का होत चालला आहे. पण सौरऊर्जा, विजेच्या गाड्या, मेट्रो आणि ज्या डेटा सेंटरवर ते कॉम्प्युटर चालतात ती डेटा सेंटरे, या सगळ्यांना विजेचा माणूस लागतो. ज्या समाजाकडे तीन पिढ्यांचा हुनर आहे, त्याने पदवी दाराशी आल्यावर पाठ फिरवू नये. खोपोलीची वीज आपल्या डोक्यावरून मुंबईला गेली, तेव्हा आपल्या हातात काही नव्हते. आता आहे.