एंजिनाचा नाद

हुपरी हें कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यांतील गांव पैंजण आणि घुंगरें यांसाठीं महाराष्ट्राच्या परिचयाचें आहे. तेथें घरोघर चांदीचें काम चालतें, आणि लहानपणापासून नादाचा सराव झालेले कान तेथें पुष्कळ आढळतात. अशा गांवीं आमची जुनी मोटारसायकल बिघडावी, आणि तीही नादानेंच, हा एक योगच म्हणावयाचा. जोतिबाचा डोंगर चढून आल्या दिवसापासून, चढण लागली कीं तिच्या पोटांतून पत्र्यावर खडे पडावे तसा बारीक टणटणाट ऐकूं येई. सपाटीवर तो नाहींसा होई. शहरांतील एका कारखानदारानें आम्हांस एक बाटली देऊन ठेविली होती. पेट्रोल भरतांना तींतील औषध टाकावें, म्हणजे आवाज बंद! आवाज कमी झालाही होता. परंतु बाटली संपली कीं तो पूर्ववत् सुरू होई.

हुपरींतील वृद्ध मिस्त्रीनें बाटलीकडे पाहिलेंही नाहीं. त्यानें एवढेंच विचारिलें, "साहेब, नुसती पळवली तर वाजती, का चढाला वढताना वाजती?"

या एका प्रश्नांत निम्में निदान होतें. झडपांची खटखट एंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चालते. तिला ओझ्याशीं विशेष कर्तव्य नसतें. ओझें पडतांच उठणारा टणटणाट मात्र निराळा. नळकांडींत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचें मिश्रण दाबलें जातें, ठिणगी पडते, आणि ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीनें सरकते. पण कोपऱ्यांत राहिलेलें शेवटचें मिश्रण, पुढें येणाऱ्या ज्वालेच्या दाबानें अतिशय तापून, तिची वाट न पाहतां एकदम आपोआप पेट घेतें. त्या धक्क्याच्या लाटा धातूच्या भिंतींवर आदळतात, आणि तोच नाद आपणांस ऐकूं येतो. तो फार काळ चालूं दिला तर दट्ट्यास भोंक पडण्यापर्यंत मजल जाते.

या नादाचा उलगडा करण्याचें श्रेय मुख्यत्वें हॅरी रिकार्डो या इंग्रज यंत्रज्ञाकडे जातें. मिश्रण ठिणगीपूर्वीं पेटणें आणि ठिणगीनंतर त्याचा उरलेला भाग एकदम भडकणें, या दोन गोष्टी लोक एकच समजत. त्या भिन्न आहेत हें त्यानें दाखविलें. पहिल्या महायुद्धानंतर त्यानें दाब पाहिजे तसा कमीजास्त करतां येईल असें एंजिन बांधून निरनिराळीं इंधनें त्यावर पारखून घेतलीं. जें इंधन अधिक दाब निमूटपणें सोसतें तें चांगलें, ही कसोटी तेथें सिद्ध झाली, आणि मद्यार्क या कसोटीस उत्तम उतरतो हेंही तेव्हांच कळून चुकलें. याच रिकार्डोनें ट्रायंफ कंपनीसाठीं चार झडपांची मोटारसायकल तयार केली होती. त्या काळच्या पुष्कळ मोटारसायकलींच्या दांड्यावर ठिणगीची वेळ मागेंपुढें करण्याचा लहानसा खटका असे. चढावर नाद येऊं लागला कीं स्वार तो खटका मागें ओढी. म्हणजे निदान आणि उपचार दोन्ही स्वाराच्या हातीं असत.

अमेरिकेंत हाच प्रश्न निराळ्या वाटेनें गेला. चार्ल्स केटरिंग याच्या प्रयोगशाळेंत टॉमस मिजली या तरुणाकडे १९१६ मध्यें हें काम आलें. तांबडा रंग उष्णता अधिक शोषील अशा समजुतीनें त्यानें पेट्रोलमध्यें आयोडीन घातलें, आणि नाद खरोखरच कमी झाला. मग त्यानें दुसरे तांबडे रंग घालून पाहिले, तर कांहींच फरक पडेना! तर्क चुकला होता, परंतु वाट सांपडली होती. अनेक पदार्थ पारखून ९ डिसेंबर १९२१ रोजीं तो शिशाच्या एका संयुगापाशीं येऊन थांबला. चिमूटभर शिशानें नाद थांबला. १९२३ च्या फेब्रुवारींत तें पेट्रोल विक्रीस आलें. त्यास 'एथिल' असें गोड नांव देण्यांत आलें. शिसें हा शब्द त्या नांवांतून वगळला गेला.

शिसें विष आहे हें जगास नवें नव्हतें. मिजली स्वतःच १९२३ च्या आरंभीं शिशाच्या बाधेनें आजारी पडला होता. १९२४ च्या ऑक्टोबरांत न्यू जर्सींतील बेवे येथें हें द्रव्य तयार करणारे पांच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मिजलीनें वार्ताहरांसमोर तें द्रव्य हातांवर ओतून घेऊन व त्याची वाफ हुंगून आपली निर्भयता दाखविली. ॲलिस हॅमिल्टन या विदुषीनें विरोध केला. १९२५ मध्यें चौकशीही झाली. परंतु कांहीं काळ थांबलेली विक्री पुढें पुन्हां सुरू झाली. मद्यार्काचा गुण मिजलीस ठाऊक होता. तथापि तो कोणीही गाळूं शकतो, त्याची मिरास कोणा एकाकडे राहत नाहीं. शिशाचें तसें नव्हतें.

पुढें जवळजवळ पाऊण शतक जगांतील मुलें तो धूर श्वासावाटे घेत राहिलीं. रक्तांतील थोडेंसें शिसेंही त्यांच्या बुद्धीस बाधक होतें हें कालांतरानें सिद्ध झालें. धूर शुद्ध करणारें उपकरण शिशानें निकामी होतें, हेंही शिसें हटण्यास तितकेंच कारणीभूत झालें, ही मनुष्यजातीच्या अभिमानाची गोष्ट खास नव्हे. आपल्याकडे चार महानगरांत १९९५ पासून बिनशिशाचें पेट्रोल मिळूं लागलें, आणि २००० सालीं तें सर्व देशांत आलें. अल्जीरियानें २०२१ मध्यें शेवटचें शिसें सोडलें, आणि मोटारींच्या पेट्रोलमधील हें प्रकरण संपलें.

आतां शंभर वर्षांनीं मद्यार्क परत आला आहे. हुपरी-यळगूडच्या जवाहर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या आम्ही पाहतों, तेव्हां याच पिकाच्या मळीपासून होणारा मद्यार्क पेट्रोलांत मिसळतो हें मनांत येतें. त्याचें प्रमाण २०२५ मध्यें वीस टक्क्यांपर्यंत पोंचलें. नाद न होऊं देण्यास तो हितकारकच आहे. परंतु जुन्या गाडीचा कार्बुरेटर केवळ पेट्रोलच्या मापानें बेतलेला असल्यामुळें तिला मिश्रण किंचित् विरळ मिळतें, आणि जुन्या रबरास तो मानवत नाहीं. औषध चांगलें असलें तरी रोग्याची प्रकृति पाहूनच तें द्यावें लागतें.

मिस्त्रीनें तेंच केलें. स्वस्त उपायापासून महागाकडे, असा त्याचा क्रम होता. प्रथम त्यानें प्लग काढून पाहिला. तो पांढुरका पडला होता, म्हणजे मिश्रण विरळ आणि उष्णता अधिक. नळकांड्याच्या पंखांतील वाळलेला चिखल त्यानें खरवडला. नंतर कार्बुरेटर आणि एंजिन यांमधील रबरी सांध्याची चीर त्यास सांपडली; तींतून फाजील हवा आंत शिरत होती. शेवटीं ठिणगी पाडणाऱ्या संपर्कबिंदूंतील अंतर त्यानें मोजलें. तें वाढलें होतें, आणि त्यामुळें ठिणगी वेळेआधीं पडत होती. सांधा बदलला, अंतर जुळविलें. एंजिन उघडून काजळी काढण्याची पाळीच आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्ही मुद्दाम जोतिबाचा घाट चढलों. गाडी मुकाट्यानें वर गेली.

नाणें खरें कीं खोटें हें वाजवून पाहण्याची आपली जुनी चाल आहे. नाद ही तक्रार असते, ती ऐकून घ्यावयाची असते. बाटलीनें आमचा नाद दाबला होता, चीर तशीच होती. शिशानें जगाचा नाद दाबला, आणि त्याची किंमत मुलांनीं भरली. हुपरीचा मिस्त्री मजुरी घेऊन हात पुशीत म्हणाला, "आवाज गेला म्हणून सोडू नका साहेब, आवाज का आला ते बघा." आमच्या मतें या शंभर वर्षांच्या इतिहासाचें सार एवढेंच आहे.