सुई आणि बंदूक

आमच्या मंडळाच्या शिवणवर्गात एकदा सिनेमाचा विषय निघाला. रानात किंवा बर्फात एकटी सापडलेली नायिका अखेरपर्यंत तग धरते, असे ते थरारपट. एक भगिनी हसून म्हणाल्या, "अहो, हे सारे पडद्यावर! आपल्यासारख्या सुईदोऱ्याच्या बायकांना का ते जमायचे?" त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. पुढे एडा ब्लॅकजॅक हिची हकीकत वाचनात आली. तीही शिवणकाम करणारीच होती, म्हणून येथे सांगते.

एडाचा जन्म १८९८ साली अलास्कात, इनुपियाक समाजात झाला. मिशनऱ्यांकडे ती इंग्रजी, स्वयंपाक आणि शिवण शिकली. शिकार मात्र तिला कोणी शिकविली नाही. नवऱ्याने टाकलेली, मुलगा बेनेट क्षयाने आजारी. जवळ पैसा नाही, म्हणून काळजावर दगड ठेवून तिने त्याला अनाथालयात ठेवले. अशा वेळी, १९२१ साली, स्टेफान्सन या संशोधकाने रँगेल बेटावर धाडलेल्या तुकडीत कातड्याचे कपडे शिवण्याचे काम चालून आले. पगार महिना ५० डॉलर. मुलासाठी तिने ते पत्करले. सोबत येणारी इतर कुटुंबे ऐनवेळी आलीच नाहीत. चार तरुण पुरुष, एडा आणि व्हिक नावाची मांजर, एवढीच मंडळी सप्टेंबरात सैबेरियाच्या उत्तरेकडील त्या बेटावर उतरली.

शिधा सुमारे सहा महिन्यांचा होता. बाकी भिस्त शिकारीवर. १९२२ साली मदतीचे जहाज बर्फामुळे पोहोचू शकले नाही. जानेवारी १९२३ मध्ये तिघे मदत आणण्यासाठी बर्फावरून चालत निघाले, ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत. मागे राहिले लोर्न नाइट आणि एडा. नाइट स्कर्व्हीने अंथरुणाला खिळलेला. त्याची बोलणी खात ती सरपण फोडी, सापळे लावी, त्याची शुश्रूषा करी. पांढऱ्या अस्वलांची तिला विलक्षण भीती वाटे; तरी ती बंदूक चालवावयास शिकली. जूनमध्ये नाइट वारला. त्यानंतर सुमारे दोन महिने ती आणि मांजर, तिसरे कोणी नाही. अस्वले लांबूनच दिसावीत म्हणून तिने उंच माचा बांधला. सील मारले, रोजनिशी लिहिली. ऑगस्ट १९२३ मध्ये जहाज आले, तेव्हा ती जिवंत होती, आणि मांजरही!

परंतु खरी कसोटी पुढेच होती. तिने नाइटची हेळसांड केली, असा आरोप वर्तमानपत्रांतून झाला. नाइटच्या आईवडिलांनी तिला भेटून, तिचे ऐकून घेऊन, ती निर्दोष असल्याचे जाहीर केले. मोहिमेवर इतरांनी लिहिले, कमावले. तिच्या हाती फारसे काही आले नाही. तरी मिळालेल्या पैशातून तिने बेनेटला उपचारासाठी सिएटलला नेले. १९८३ साली, ८५ व्या वर्षी, ती वारली.

भगिनींनो, एडा शूर म्हणून त्या बेटावर गेली नव्हती. ती गरजेने गेली, आणि जे येत नव्हते ते एकेक करून शिकली. शिवणवर्गातील त्या भगिनींना माझे उत्तर एवढेच.