इंग्लंडची वने कोणाची? २०११ मधील एका फसलेल्या विक्रीचा इतिहास

१/ १७ फेब्रुवारी २०११. ब्रिटनच्या पर्यावरणमंत्री कॅरोलाइन स्पेलमन संसदेत उभ्या राहिल्या, तीन आठवड्यांपूर्वी स्वतःच मांडलेली योजना त्यांनी मागे घेतली आणि क्षमाही मागितली. योजना होती इंग्लंडमधील सरकारी वने विकण्याची किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने देण्याची. बहुमतातील सरकार झाडांपुढे का नमले? उत्तरासाठी आठशे वर्षे मागे जावे लागते. #थ्रेड

२/ आधी आवाका पाहू. प्रश्न फक्त इंग्लंडचा होता; स्कॉटलंड व वेल्समधील वनांचा कारभार तेथील शासनांकडे गेलेला होता. इंग्लंडमधील सार्वजनिक वने सुमारे २,५८,००० हेक्टर, म्हणजे तेथील एकूण वनक्षेत्राच्या साधारण १८ टक्के. उरलेले बहुतांश आधीपासूनच खासगी होते. परंतु सामान्य माणसाला मुक्तपणे हिंडता येईल अशा वनांत या १८ टक्क्यांचे स्थान फार मोठे होते.

३/ मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘फॉरेस्ट’ हा शब्द झाडांपेक्षा कायद्याशी अधिक निगडित होता. राजाच्या शिकारीसाठी राखलेला, वेगळ्या कायद्याखालचा प्रदेश म्हणजे फॉरेस्ट. त्यात गावे, शेते आणि माळरानेही येत. ६ नोव्हेंबर १२१७ रोजी, बालराजा तिसऱ्या हेन्रीच्या नावाने, ‘चार्टर ऑफ द फॉरेस्ट’ ही सनद निघाली. मॅग्ना कार्टाचे हे धाकटे भावंड.

४/ या सनदेने राजाची मालकी काढून घेतली नाही. तिने वापराचे हक्क मान्य केले: गुरे चारणे, डुकरांना ओकची फळे खाऊ घालणे, जळण गोळा करणे. हरीण मारल्याबद्दल कोणाचा जीव वा अवयव घेऊ नये, असेही ठरले. विदर्भात ज्याला ‘निस्तार हक्क’ म्हणतात, त्याच जातीचे हे हक्क. मालक एक आणि वापरणारे अनेक, ही व्यवस्था लक्षात ठेवा. पुढील सारा वाद तिच्याभोवती फिरतो.

५/ आता ग्लॉस्टरशायरमधील ‘फॉरेस्ट ऑफ डीन’कडे वळू. सेंट ब्रिआव्हेल्स हंड्रेड या टापूत जन्मलेला आणि एक वर्ष एक दिवस खाणीत राबलेला पुरुष तेथे ‘फ्रीमायनर’ होई. त्याला स्वतःची खाण चालवता येई. १८०८ च्या कायद्याने नौदलाच्या जहाजांना ओकचे लाकूड मिळावे म्हणून येथील ११,००० एकरांपर्यंत जमीन कुंपणाआड घेण्याची मुभा सरकारला दिली. चराई बंद झाली.

६/ जून १८३१ मध्ये वॉरन जेम्स या फ्रीमायनरच्या नेतृत्वाखाली लोकांनी ती कुंपणे उखडली. सैन्य आले. जेम्सला फाशीची शिक्षा झाली. ती नंतर जन्मठेपेत बदलून त्याला टास्मानियाला धाडण्यात आले. येथे लोकांचा प्रतिपक्ष कोणी खासगी खरेदीदार नव्हता, तो सरकारच होता. सार्वजनिक मालकी म्हणजे आपोआप लोकांचा हक्क, असे इतिहास सांगत नाही.

७/ पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनची लाकडाची आयात धोक्यात आणली. खाणींतील टेकू आणि खंदकांच्या फळ्या, सगळ्यालाच लाकूड हवे होते, आणि देशाचे वनाच्छादन उरले होते जेमतेम पाच टक्के. म्हणून १९१९ च्या कायद्याने ‘फॉरेस्ट्री कमिशन’ स्थापन झाले. हेतू निसर्गप्रेमाचा नव्हता. तो लाकडाच्या साठ्याचा होता.

८/ कमिशनने पडीक जमिनी घेतल्या आणि झपाट्याने वाढणारे सूचिपर्णी वृक्ष रांगांनी लावले. त्यावर टीकाही झाली. पण १९३८ मध्ये डीन ‘नॅशनल फॉरेस्ट पार्क’ झाले, पुढे पायवाटा, सहलीच्या जागा, वाहनतळ आले. लाकडाच्या कोठारात लोक फिरायला येऊ लागले. दोन पिढ्यांत ते कोठार त्यांना आपले वाटू लागले.

९/ विक्रीची कल्पना २०१० ची नाही. थॅचर सरकारच्या १९८१ च्या कायद्याने सरकारी वनजमीन विकण्याचा अधिकार दिला आणि विक्री सुरूही झाली. मात्र लढाऊ डीनला त्यातून वगळावे लागले. २०१० च्या शरद ऋतूत कॅमेरून यांच्या आघाडी सरकारने काटकसरीसाठी चार वर्षांत सुमारे ४०,००० हेक्टर वने विकण्याचे ठरवले. अपेक्षा १० कोटी पौंडांची. सोबत एक विधेयक आणले, ज्यात मंत्र्यांना विक्रीचे व्यापक अधिकार होते आणि डीनसाठी जुनी हमी नव्हती.

१०/ २७ जानेवारी २०११ रोजी सविस्तर आराखडा आला. मोठी व्यापारी वने १५० वर्षांच्या भाडेपट्ट्याने कंपन्यांना. न्यू फॉरेस्ट व डीनसारखी वारसा-वने धर्मादाय न्यासांना. लहान वने घेण्याची संधी स्थानिक गटांना. सरकारचा युक्तिवाद पोकळ नव्हता: लाकूड विकणारी सर्वांत मोठी संस्था आणि लाकूडतोडीवर नियंत्रण ठेवणारी संस्था एकच कशी असावी? शिवाय खासगी वनांचीही निगा उत्तम राखली जाऊ शकते.

११/ विरोध सर्व थरांतून उठला. ३ जानेवारीला कडाक्याच्या थंडीत डीनमधील स्पीच हाउसजवळ हजारो लोक जमले. ‘३८ डिग्रीज’ या मंचाच्या निवेदनावर पाच लाखांहून अधिक सह्या झाल्या. अभिनेत्री जूडी डेंच आणि कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी निषेधाच्या पत्रावर स्वाक्षरी केली. ग्रामीण हुजूरपक्षीय मतदारही बिथरले.

१२/ वादाचा गाभा मात्र तपशिलात होता. २००० च्या कायद्याखाली बहुतेक सरकारी वनांत पायी फिरण्याचा हक्क कायम झाला होता. मालक बदलला तरी तो टिकणार होता. पण सायकल, घोडेस्वारी आणि वाहनतळ यांना ते संरक्षण नव्हते. लेक डिस्ट्रिक्टमधील रिग वुड विकले गेल्यावर तेथील वाहनतळाला कुलूप लागले. कागदावर हक्क शाबूत, पण तिथवर पोहोचायचे कसे? अपंग, वृद्ध, मुलांना घेऊन येणारी कुटुंबे यांच्यासाठी ते वन संपल्यातच जमा होते.

१३/ २ फेब्रुवारीला विरोधकांचा ठराव सरकारने ३१० विरुद्ध २६० मतांनी फेटाळला. पण ११ तारखेला ४०,००० हेक्टरांची नियोजित विक्री थांबवण्यात आली. १६ तारखेला विरोधी पक्षनेते मिलिबँड यांनी विचारले, पंतप्रधान या धोरणावर समाधानी आहेत काय? कॅमेरून यांचे थोडक्यात उत्तर ‘नाही’ असे होते. दुसऱ्याच दिवशी स्पेलमन यांचे निवेदन झाले.

१४/ मग लिव्हरपूलचे बिशप जेम्स जोन्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली गेली. तिच्याकडे सुमारे ४२,००० प्रतिक्रिया आल्या. जुलै २०१२ च्या अहवालाचा निष्कर्ष: ही वने वर्षाला सुमारे २ कोटी पौंड निव्वळ खर्चात अंदाजे ४० कोटी पौंडांचे लाभ देतात. ती सार्वजनिकच राहावीत, आणि राष्ट्राच्या वतीने त्यांचा विश्वस्त म्हणून सांभाळ करणारी नवी संस्था असावी.

१५/ आपल्याशी याचा संबंध काय? याच ब्रिटिश राजवटीने १८७८ च्या वन कायद्याने भारतातील गावरानावर सरकारी शिक्का मारला. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये चराईचे रान हिरावणाऱ्या वनखात्यावर कठोर टीका केली आहे. डीनमध्ये १८३१ साली जे घडले, त्याचीच ही भावंडकथा. आणि योगायोग पाहा: इंग्लंडमधील माघारीनंतर दोनच महिन्यांनी, २७ एप्रिल २०११ रोजी, गडचिरोलीतील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार मिळाला. सुमारे १,८०० हेक्टर वनावरचा तिचा सामूहिक हक्क २००९ मध्येच मान्य झाला होता, पण परवान्यावाचून बांबू गावाबाहेर नेता येत नव्हता. तिथेही कुलूप वाटेवरच होते.

१६/ म्हणून २०११ चा धडा ‘सरकारी चांगले, खासगी वाईट’ इतका सोपा नाही. १८३१ मध्ये कुंपण सरकारचे होते, रिग वुडमध्ये कुलूप खासगी मालकाचे. दोन्ही वेळा सातबाऱ्यावर नाव कोणाचे यापेक्षा वापराचा हक्क कोणत्या लेखी हमीवर उभा आहे, हे निर्णायक ठरले.

१७/ आणि हमी अजून अपुरीच आहे. २०१३ च्या आरंभी सरकारने नव्या विश्वस्त संस्थेचे वचन दिले; तसा कायदा झाला नाही. वने विकण्याचा १९८१ चा अधिकार आजही कायद्याच्या पुस्तकात आहे. पाच लाख सह्यांनी एक योजना थांबवली, तो अधिकार मात्र त्यांना पुसता आला नाही.

आपल्या गावच्या गायरानाची किंवा देवराईची नोंद कोणाच्या नावे आहे आणि वापराचा हक्क कोठे लिहिलेला आहे, हे तलाठी कार्यालयात एकदा पाहा. सापडले तर खाली अवश्य लिहा. (समाप्त)