खोपोली–भिवपुरी जलविद्युत् केंद्रे : घोषणा व जनसंपर्क

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील खोपोली (१९१५) आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरी (१९२२) येथील टाटा उद्योगसमूहाची जलविद्युत् केंद्रे अभियांत्रिकीच्या इतिहासात सुपरिचित आहेत. नव्या तंत्रविद्येवर उभारलेल्या कंपनीने आपली वार्ता कोणाला, केव्हा व कोणत्या मार्गाने दिली, या दृष्टीनेही त्यांचा इतिहास उद्‌बोधक आहे.

घाटमाथ्यावरील पावसाचे पाणी लोणावळा, वळवण व शिरवटा येथील तलावांत साठवून ते नळांवाटे सु. ५०० मी. खाली खोपोलीस आणावयाचे आणि तेथील वीज मुंबईच्या कापडगिरण्यांस पुरवावयाची, अशी मूळ योजना होती. जमशेटजी टाटा (१८३९–१९०४) यांच्या मृत्यूनंतर त्यांचे पुत्र दोराबजी यांनी ती तडीस नेली. खरी अडचण विश्वासाची होती. गिरणीमालक दगडी कोळसा व वाफेची एंजिने यांना सरावलेले होते. चार महिन्यांच्या पावसावर वर्षभर वीज मिळेल, हे त्यांना पटवावयाचे होते. ७ नोव्हेंबर १९१० रोजी कंपनीची नोंदणी झाली. तिचे भांडवल मुख्यतः हिंदी भागधारकांकडून उभे राहिले. त्यांत संस्थानिकही होते.

८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यास कोनशिला समारंभ झाला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क हे स्वतः लष्करी अभियंते होते. हिंदी लोकांच्या आत्मविश्वासाचे प्रतीक म्हणून त्यांनी प्रकल्पाचा गौरव केला. आपल्या वडिलांच्या दृष्टीने ही केवळ नफ्याची योजना नसून मुंबईच्या उद्योगवाढीचे साधन होती, असे दोराबजींनी सांगितले. वीज निघण्यास अद्याप चार वर्षे होती. पण तिचा सार्वजनिक अर्थ त्या दिवशीच ठरून गेला. फेब्रुवारी १९१५ मध्ये लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते केंद्र सुरू झाले. पुढे आंध्र खोरे कंपनीने (१९१६) ठोकरवाडी तलावाच्या पाण्यावर भिवपुरीचे केंद्र उभारले.

हा जनसंपर्क भागधारक, गिरणीमालक व सरकार यांच्यापुरता होता. ज्यांची शेते तलावाखाली जावयाची, त्यांना वार्ता मिळण्याचा विधिवत् मार्ग म्हणजे १८९४ च्या भूसंपादन अधिनियमाखालील अधिसूचना. ती सरकारी राजपत्रात छापावयाची व तिचा सारांश गावात जाहीर करावयाचा, एवढेच कायद्याला अभिप्रेत होते. सोयीच्या जागी लावलेला कागद वाचू शकणारे गावात किती, हा प्रश्न त्यात उद्‌भवत नव्हता. लोणावळ्याच्या मंडपातील भाषणे आणि हा कागद यांतील अंतर पुढच्याच प्रकल्पात उघडे पडले. भिरा येथील केंद्रासाठी मुळशी पेट्यात धरण बांधण्यास विरोध म्हणून १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट हे त्याचे प्रमुख नेते होते. आता वार्ता सांगणारा पक्ष एकटी कंपनी राहिली नाही. गांधीजींनी यंग इंडियामधून टाटांनी कायदेशीर हक्कावर अडून न बसता लोकांशी विचारविनिमय करावा, असे सुचविले. सत्याग्रह १९२४ पर्यंत रेंगाळला. धरण झाले आणि १९२७ मध्ये भिरा केंद्र सुरू झाले. भूसंपादनाची अधिसूचना दोन दैनिकांत, त्यांपैकी निदान एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात, प्रसिद्ध करण्याची अट अधिनियमात १९८४ च्या दुरुस्तीने आली.