वसईच्या किल्ल्यातील भग्न मठ

परभणी जिल्ह्यातील वाचकाला भग्न वास्तू म्हटले की जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची मंदिरे किंवा गंगाखेड तालुक्यातील धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर आठवते. मुख्यतः चुन्यावाचून, दगडात दगड बसवून रचलेल्या अशा वास्तू पाया खचल्याने, सांध्यांत झाडांची मुळे शिरल्याने आणि शिळा सरकल्याने पडतात. पोर्तुगीजांनी कोकण किनाऱ्यावर बांधलेल्या मठांची पडझड निराळ्या क्रमाने झाली, आणि तो क्रम ध्यानात घेतला नाही तर वसईच्या किल्ल्यातील एक दिवसाची सहल मराठ्यांनी १७३९ मध्ये घातलेल्या वेढ्याच्या वर्णनापाशी येऊन थांबते. वेढ्याचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु चर्चच्या उघड्या भिंतींसमोर उभ्या राहिलेल्या प्रवाशाला पडणाऱ्या प्रश्नाचे, म्हणजे या इमारती अशा कशाने झाल्या याचे, उत्तर त्या वर्णनातून मिळत नाही.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई, साष्टी व मुंबई हा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला, आणि पुढील दोन शतके वसई हे त्यांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे राहिले. पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेल्या ‘पाद्रोआदो’ या अधिकारान्वये नव्या मुलखात धर्मप्रसारकांना पाठविणे, त्यांच्यासाठी चर्च बांधणे आणि त्यांचा खर्च चालविणे ही राजाची जबाबदारी होती. त्यामुळे सैन्य आणि व्रतस्थ संन्याशांचे संघ एकमेकांच्या मागोमाग आले. पूर्वी देवळांकडे व मशिदींकडे असलेल्या काही जमिनींचे उत्पन्न या संघांकडे वळविण्यात आले. हे लक्षात घेतले की मठांची भव्यता केवळ भक्तीची राहत नाही, तिच्यामागे भातशेतीचा वसूल दिसू लागतो.

या संघांपैकी फ्रान्सिस्कन प्रथम स्थिरावले. आंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन पाद्रीच्या पुढाकाराने सोळाव्या शतकाच्या मध्यास बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर या शैव लेण्याचे चर्चमध्ये रूपांतर झाले आणि लेण्याच्या वर मठ व पाठशाळा उभी राहिली. तिच्या भिंती आजही टेकडीवर आहेत. येशूसंघाचे, म्हणजे जेझुईटांचे, कार्य वसईत १५४८ च्या सुमारास सुरू झाले. त्यांच्या पाठशाळेशी निगडित असलेला वसईचा गोन्सालो गार्सिया जपानला गेला, तेथे व्यापारी झाला, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद देण्यात आले. डॉमिनिकन १५८३ मध्ये आले, आणि ऑगस्टिनियन त्यांच्यानंतर.

अवशेषांचे वाचन बांधकामापासून सुरू करावे लागते. या चर्चच्या जाड भिंती दगड व चुन्याच्या असत, दर्शनी भागावर आणि कमानींच्या कडांना घडीव दगड लावलेला असे. वेदी जिथे असते त्या आतल्या भागावर पुष्कळदा दगडी घुमटी छत असे, परंतु भाविक जिथे उभे राहत त्या लांब दालनावर लाकडी तुळयांचे आणि कौलांचे छप्पर असे. कोकणातील पावसात असे छप्पर दर काही वर्षांनी शाकारले नाही, तर पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत मुरते, चुना सुटतो, फटींत पिंपळ व वड रुजतात; भिंत मात्र बराच काळ उभी राहते. म्हणून वसईत दर्शनी भाग, मनोरे आणि कमानी टिकून आहेत, आणि मधली दालने आभाळाखाली उघडी आहेत. फ्रान्सिस्कन चर्चची जमीन तर जवळून पाहण्याजोगी आहे: पोर्तुगीज लेख कोरलेल्या कबरींच्या शिळा तेथे फरशीतच बसविलेल्या आहेत, आणि ही कबर अमुक गृहस्थाची व त्याच्या वारसांची, असे सांगण्याची त्या काळची रीत होती. वारसांनाही तेथेच जागा मिळेल, असा भरवसा त्या रीतीत गृहीत होता.

हा भरवसा १७३९ पूर्वीच ढळू लागला होता. मे १६१८ मधील वादळाने शहरातील चर्चच्या इमारतींचे नुकसान केले होते, आणि १६९५ मध्ये येथे आलेल्या जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशाने शहराचा उत्तरेकडील भाग साथीच्या रोगामुळे ओस पडल्याचे नोंदविले आहे. चिमाजी अप्पांच्या सैन्याने मे १७३९ मध्ये शेवटचा हल्ला चढविला तेव्हा सुरुंग तटाच्या बुरुजांखाली फुटले, सेंट सेबास्टियनचा बुरूज ढासळला, मराठ्यांची हजारो माणसे पडली. शरणागतीनंतर मात्र पोर्तुगीज सैन्याला, पाद्र्यांना व कुटुंबांना आपली चीजवस्तू घेऊन किल्ला सोडण्याची मुभा देण्यात आली. ज्या संघांच्या उत्पन्नावर छपरे शाकारली जात होती ते संघच निघून गेले, आणि इमारतींच्या मृत्यूचे खरे कारण येथे आहे.

पुढचे काम पावसाने आणि माणसांनी मिळून केले. इंग्रजांनी १७८० मध्ये किल्ला जिंकला, सालबाईच्या तहाने तो परत दिला, दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी येथेच इंग्रजांशी तह करून आपल्या स्वातंत्र्यावर पाणी सोडले. या साऱ्या धामधुमीत मठांकडे पाहण्याचे कोणालाच कारण नव्हते. इंग्रज धर्मगुरू बिशप हेबर १८२५ मध्ये येथे आला तेव्हा तटाआतील शहर निर्जन होते. पुढे किल्ल्यातील जमीन उसाच्या लागवडीसाठी भाडेपट्ट्याने देण्यात आली आणि तेथे साखरेचा कारखानाही निघाला. जे. गर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल व वसईच्या पुरावशेषांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे या दगडांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिले जाऊ लागले.

मठ पडले म्हणून धर्म गेला, असे झाले नाही. वसईच्या वाड्यांतील सामवेदी ख्रिस्ती समाज आपली बोली, शेती आणि बागायत सांभाळून राहिला. इमारतीला राजाश्रय लागतो, वस्तीला जमीन पुरते. मराठवाड्यातील मिशनचा इतिहास याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. परभणीचा मुलूख निजामाच्या राज्यात असल्याने तेथे पाद्रोआदोचा संबंध नव्हता. एकोणिसाव्या शतकात १८४३ साली ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री यांनी स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे जालना येथे काम केले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली. तलवारीच्या पाठोपाठ आलेले मिशन आणि परवानगी मागून आलेले मिशन यांच्यातील हा फरक वसईच्या सहलीत सांगितला गेला पाहिजे.

सहल नेणारी मार्गदर्शक मंडळी बहुधा तट, बुरूज, चिमाजी अप्पांचे स्मारक आणि नागेश्वराचे मंदिर यांवर वेळ खर्च करतात व चर्चपाशी छायाचित्रांपुरते थांबतात. चित्रपटांच्या चित्रीकरणाच्या गोष्टी तेथे आवडीने सांगितल्या जातात, आणि त्या न सांगितल्याने काहीही बिघडणार नाही. त्याऐवजी एका चर्चमध्ये तासभर थांबून भिंतीच्या माथ्याजवळ तुळयांसाठी ठेवलेले कोनाडे, वेदीची जागा, मठाचे चौकोनी अंगण आणि कबरींचे लेख दाखविले, तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पूर्ण इमारत उभी राहते. गोव्याच्या धर्मन्यायालयाचा, म्हणजे १५६० मध्ये स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा, जाच येथेही पोहोचला होता. तो टाळून केलेले वर्णन जितके अपुरे, तितकेच केवळ त्यावर थांबणारेही.

वसईच्या मोहिमेतील घंटांचा माग मात्र किल्ल्याबाहेर घ्यावा लागतो. फिरंग्यांच्या चर्चमधील घंटा मराठा सरदारांनी देवळांना अर्पण केल्या; भीमाशंकर, मेणवली आणि नाशिक येथील घंटा याच परंपरेतल्या मानल्या जातात, आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे साल आहे. परभणीहून मुंबईकडे जाणारी देवगिरी एक्सप्रेस मनमाड व नाशिकरोडवरूनच जाते. तेव्हा वसईला निघालेल्या परभणीकराने शक्य असल्यास वाटेत नाशिकला उतरून गोदावरीच्या काठची ती घंटा आधी पाहावी, आणि वसईची फेरी पावसाळा संपून गवत वाळल्यावर करावी, कारण कबरींचे लेख तेव्हाच नीट वाचता येतात.