काचेमागचा आडोसा

1851 सालच्या शरद ऋतूत लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका थोरल्या बोआने स्वतःचं पांघरूण गिळलं. ऊब मिळावी म्हणून सापांच्या पेट्यांत तेव्हा घोंगड्या टाकून ठेवत, आणि साप त्यांच्या घड्यांत शिरून पडून राहत. भक्ष्य म्हणून सोडलेल्या सशावर या बोआने झेप घेतली, ससा निसटला, तोंडात घोंगडी आली. एकदा गिळायला सुरुवात झाली की सापाला मध्येच सोडणं अवघड जातं, कारण त्याचे दात आत वळलेले असतात. सुमारे महिनाभराने ती घोंगडी बाहेर पडली.

लंडनकरांना या प्रसंगाची गंमत वाटली. पण त्या घोंगडीत एक मोठी गोष्टही होती. दोनच वर्षांपूर्वी, 1849 मध्ये, त्या संग्रहालयाने सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी वेगळं दालन उघडलं होतं. जगातलं असं हे पहिलं दालन मानलं जातं. दर्शनी बाजूला काच, आत प्राणी, बाहेर तिकीट काढून आलेली माणसं. काच लावणाऱ्याचा हेतू सरळ होता: साप दिसला पाहिजे. सापाचा हेतू त्याच्या नेमका उलटा होता, आणि त्याच्या बाजूने त्या पेटीत काही असेल, तर ती एक घोंगडी होती.

आज घरी सरडा किंवा साप पाळणारे लोक थर्माकोल कोरून डोंगर करतात, करवंटीला दार पाडतात, कुंडी आडवी पुरून गुहा बनवतात. या हौसेची वंशावळ त्या घोंगडीपर्यंत जाते. दिसणं आणि दडणं यांच्यात पाऊणदोनशे वर्षं चाललेल्या ओढाताणीचा हा इतिहास आहे.

सजावट मात्र प्राण्यांच्या आधी आली. लंडनमधले डॉक्टर नाथॅनिअल वॉर्ड यांनी 1829 च्या सुमारास पतंगाचा कोष ओल्या मातीसह बाटलीत बंद करून ठेवला. त्या मातीतून नेच्याचं रोप उगवलं. शहराच्या काजळीत जी झाडं तग धरत नव्हती, ती बंद काचेत वाढतात हे त्यांच्या ध्यानात आलं. 'वॉर्डची पेटी' नावाने ओळखल्या गेलेल्या या काचघरांतून पुढे चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्यापर्यंत आली. वॉर्ड यांच्या स्वतःच्या एका मोठ्या काचघरात तर टिंटर्न अ‍ॅबे या पडक्या मठाच्या खिडकीची प्रतिकृती उभी होती आणि तिच्या अवतीभवती नेचे लावलेले होते. काचेच्या पेटीत निसर्गाचं लहानसं नाटक उभं करण्याची हौस इथूनच दिवाणखान्यात शिरली. नेच्यांच्या जोडीला पाल, बेडूक, सरडा यायला फार वेळ लागला नाही.

जर्मन मंडळींनी या हौसेचं शास्त्र केलं. योहान बेखश्टाइन यांनी 1797 मध्येच घरात ठेवता येतील अशा प्राण्यांवर पुस्तक लिहिलं होतं आणि त्यात पक्ष्यांखेरीज इतर प्राण्यांनाही जागा दिली होती. 1884 मध्ये योहान फोन फिशर यांचं 'दास टेरेरियुम' आलं. त्याच्या उपशीर्षकातच झाडांची लागवड आधी आणि रहिवाशांचा भरणा नंतर होता. पेटी ही आधी बाग आणि मग घर, असा तो काळ होता.

खडक कसा बनवायचा, हे शिकवलं बागवाल्यांनी. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरच्या पुलम घराण्याने एकोणिसाव्या शतकात खोट्या खडकांचा धंदाच मांडला. आत विटांचे तुकडे आणि भट्टीतली खंगरं रचायची, वर सिमेंटचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच हाताने भेगा, थर, कंगोरे काढायचे. 'पुलमाइट' या नावाने विकला जाणारा हा खडक धनिकांच्या बागांतून ऐटीत उभा राहिला आणि पाहणाऱ्यांना खरा वाटला. पुढे कार्ल हागेनबेक यांनी 1907 मध्ये हॅम्बुर्गजवळ श्टेलिंगेनला गजांविना प्राणिसंग्रहालय उघडलं. तिथले कृत्रिम कडे स्विस शिल्पकार उर्स एगेनश्विलर यांनी घडवले होते. प्राण्यांच्या मुलखात खोटा डोंगर शोभतो, एवढंच नव्हे तर कामाला येतो, हे तिथे जगाला दिसलं.

सापा-सरड्यांच्या पेटीत ही कला नेली एका तरुण स्त्रीने.

जोन बीचम प्रॉक्टर यांचा जन्म 1897 चा, लंडनचा. दहाव्या वर्षापासून घरात सरडे आणि साप. सोळाव्या वर्षी पाळलेलं मगरीचं पिल्लू त्या शाळेत गणिताच्या तासाला घेऊन गेल्या होत्या. पोटाच्या जुनाट आजारामुळे केंब्रिजला जाणं राहिलं. ब्रिटिश म्युझियममधले सरीसृपतज्ज्ञ जॉर्ज बुलेंजर यांनी मात्र त्यांना हाताशी घेतलं, आणि 1920 मध्ये ते निवृत्त झाल्यावर तिथला सरीसृप विभाग प्रॉक्टर यांच्याकडे आला. तेव्हा त्या पंचविशीतही नव्हत्या.

त्या काळात त्यांनी अभ्यासलेला एक प्राणी या गोष्टीत फार महत्त्वाचा आहे: पूर्व आफ्रिकेतलं चपटं कासव. 1922 मध्ये त्यांनी त्याच्या कवचावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. इतर कासवांचं कवच म्हणजे घुमट, याचं म्हणजे भाकरी. चपटं, पातळ, काहीसं लवचीक. संकट आलं की हे कासव आपल्या कवचात शिरून गप्प बसत नाही. ते धावत सुटतं, खडकाच्या कपारीत घुसतं आणि तिथे असं रुतून बसतं की ओढूनही निघू नये. त्याचं खरं कवच म्हणजे ती कपार. अशा प्राण्याला सपाट वाळूवर ठेवणं म्हणजे त्याचं अर्धं शरीर काढून घेण्यासारखं.

1923 मध्ये प्रॉक्टर लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरीसृपांच्या अभिरक्षक झाल्या. नमुने आणि देखावे घडवण्यात त्यांचा हात बसलेला होता, म्हणून तिथल्या नव्या मत्स्यालयातले खडकही त्यांनीच रचले. मग सरीसृपांसाठी नवं दालन उभं राहिलं, 1927 मध्ये ते खुलं झालं. इमारतीचे वास्तुकार एडवर्ड गाय डॉबर, पण आतल्या रचनेमागचं डोकं प्रॉक्टर यांचं. प्रेक्षक चालतो ती जागा अंधारी, उजेड फक्त पेटीत. विजेची ऊब सगळीकडे सारखी नाही. काही जागा तापलेल्या, काही थंड, प्राण्याने हवी ती निवडावी. अतिनील किरण अडवणार नाही अशी खास काच. आणि प्रत्येक पेटीत खडक, झाडं, मागे रंगवलेला मुलूख.

वरवर पाहता हा सगळा थाट प्रेक्षकांसाठी होता. पण अंधाऱ्या बोळातून पाहणारा माणूस आतल्या प्राण्याला कमी जाणवतो, आणि खडकाला सावली असते. याच दालनाच्या काळात कोमोडोचे दोन महासरडे लंडनला आले. त्यांतल्या 'सुंबावा' या सरड्याला प्रॉक्टर संग्रहालयात फिरायला नेत. आजार बळावल्यावर त्या चाकांच्या खुर्चीतून फेरी मारत. 1931 मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्यांचं निधन झालं.

त्यांनी जे हाताने जमवलं होतं, त्याचं कारण पुढच्या पिढीने मोजून सांगितलं. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी 1944 मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या सरड्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. सरड्याचं रक्त थंड, तो हवेच्या मर्जीवर जगतो, ही समजूत त्याने मोडली. सरडा ऊन आणि सावली यांत सतत ये-जा करून शरीराचं तापमान ठरावीक मर्यादेत राखतो. म्हणजे आडोसा हा भित्र्याचा कोपरा नव्हे, तो त्याच्या तब्येतीचा अर्धा भाग आहे. नुसत्या दिव्याखाली ठेवलेला सरडा तापून मरतो. नुसत्या सावलीतल्या सरड्याला खाल्लेलं पचत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये हाइनी हेडिगर दुसऱ्या टोकाकडून तिथेच पोचत होते. बर्न, बाझल आणि झ्युरिक अशा तीन संग्रहालयांचे ते संचालक झाले. 1942 च्या त्यांच्या पुस्तकाने प्राणिसंग्रहालयांचा विचार बदलला. पिंजरा किती चौरस मीटरचा, यापेक्षा त्यात काय आहे हे त्यांनी महत्त्वाचं मानलं. माणूस किती जवळ आला की प्राणी पळतो, ते अंतर त्यांनी अभ्यासलं. पळायला जागाच नसलेला प्राणी कायम धास्तीत जगतो. लपायला जागा असेल, तर तोच प्राणी बाहेर येऊन बसतो. पाळणाऱ्यांना हा उलटा न्याय आजही चकवतो: लपण वाढवलं की साप जास्त दिसतो.

म्हणूनच आताच्या घरगुती पेटीचा साधा नियम झाला आहे: आडोसे दोन, एक उबेच्या टोकाला, दुसरा गार टोकाला. एकच ठेवला, तर प्राण्याला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एक निवडावं लागतं, आणि तो बहुधा सुरक्षितता निवडून थंडीत पडून राहतो. लेपर्ड गेकोसारख्या पालीला तिसरा आडोसाही देतात, आत ओलं शेवाळ घातलेला. कात टाकताना बोटांवरची कातडी सुकून अडकली, तर बोटं गळू शकतात.

डोंगराची घरगुती कृती ऐकली, तर पुलमच्या कारागिरांना ती ओळखीची वाटेल. थर्माकोलचे तुकडे एकावर एक चिकटवायचे, सुरीने कपारी कोरायच्या, वर टाइलच्या सांध्यांत भरतात त्या ग्राउटचे तीन-चार हात द्यायचे. पहिला हात पातळ, म्हणजे तो भेगांत शिरतो, नंतरचे दाट. प्रत्येक हात वाळू द्यायचा. रंग ओला असताना ब्रशने पाणी सोडलं, की खाचांत सावली उतरते. विटा आणि खंगरांच्या जागी थर्माकोल आला. कवच सिमेंटचं होतं, ते सिमेंटचंच राहिलं.

खरा दगड वापरला, तर एक चूक जीवावर बेतते. फरशी वाळूवर टेकवली, की खालून उकरणारा सरडा तिच्याखाली चिरडला जातो. दगड आधी थेट तळावर टेकवायचा, वाळू नंतर.

महाराष्ट्रात सापाचा आडोसा काचेआधीच ठाऊक होता. गारुड्याच्या वेताच्या टोपलीत नाग निमूट बसे, कारण आत अंधार असे आणि वेटोळ्याला चहूबाजूंनी टेकू मिळे. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीआधी पकडलेले नाग मडक्यांत ठेवत, तोंडाला फडकं बांधून. त्यात दडण होतं, पण बाहेर पडण्याची वाट सापाच्या हाती नव्हती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गारुड्यांचा खेळ बेकायदा ठरला आणि न्यायालयाच्या आदेशांनी शिराळ्याची प्रथाही बदलली. नाग, घोरपड, तारा कासव घरी ठेवता येत नाहीत, पेटी कितीही सुंदर केली तरी. परदेशी जातींच्या नोंदणीसाठीही 2024 पासून नियम आहेत.

पुण्याने तर हा खेळ उलटाही पाहिला आहे. नीलिमकुमार खैरे 1980 मध्ये 72 विषारी सापांसह 72 तास काचेच्या खोलीत राहिले. त्या वेळी काचेतला पाहुणा माणूस होता. 1986 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं.

कोणत्याही सर्पोद्यानात एक तक्रार हमखास ऐकू येते: "अरे, यात तर काहीच नाही!" मग कुणीतरी काचेवर टिचकी मारतं. ओढाताण अजून संपलेली नाही. घरी पाळणाऱ्यांनी तिच्यावर एक स्वस्त तोड काढली आहे. मातीची कुंडी उभी कापायची आणि कापलेली बाजू काचेला आतून घट्ट टेकवायची. बाहेरून त्याच जागी काळ्या पुठ्ठ्याची झडप चिकटवायची. साप आत अंधारात, तिन्ही बाजूंनी मातीला आणि चौथ्या बाजूने काचेला अंग टेकून वेटोळं घालतो. दिवसातून एकदा झडप हलकेच उचलायची, कात नीट निघाली का ते पाहायचं, आणि पुन्हा खाली सोडायची.