सुटीत उगवलेला जिवाणू

जठरातल्या व्रणाचा इतिहास सांगताना बॅरी मार्शल १९८४ साली जिवाणूंचं द्रावण प्यायला, ही गोष्ट हटकून येते. मला त्याआधीची, १९८२ची ईस्टरची सुटी अधिक महत्त्वाची वाटते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या प्रयोगशाळेत दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशा टाकून देत. सुटीमुळे त्या तशाच राहिल्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हाती लागला. हा जिवाणू सावकाश वाढतो. तीव्र आम्लात तर जवळजवळ थांबतोच. अमॉक्सिसिलिन मारतं ते वाढत्या जिवाणूंना, म्हणून सोबत आम्ल कमी करणारं औषध द्यावं लागतं. क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारा हाच जिवाणू २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आला: नवी प्रतिजैविकं हवीत अशांच्या. ती शोधणाऱ्यांनाही त्याच्या संथपणाशीच गाठ आहे.